पुतळीचे तोंड पाहायला बुलढाण्याला

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्यातली माणसे महाबळेश्वरला जातात, काशीला जातात, निदान नाशकाला तरी जाऊन येतात. वऱ्हाडात हवापालटाला कोणी जात नाही. मी बुलढाण्याला जाऊन आले असे शाळेत सांगितले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी काळजीने विचारले, "कोणी आजारी होते का हो?" दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, "बुलढाणा म्हणजे नागपूरच्या पलीकडे ना?" या बाई आमच्याकडे भूगोल शिकवतात.

तेव्हा ज्यांनी ते गाव पाहिलेले नाही आणि पुढेही पाहण्याचा विचार नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी चित्रकला शिकवते, लिहिणे हा माझा धंदा नव्हे. बुलढाण्याला मी गेले ती तिथला पैशाचा अजबखाना पाहायला. आणि अजबखाना हे निमित्त. खरे म्हणजे मला माझ्या आईचे तोंड पाहायचे होते.

हे नीट सांगायचे तर थोडे मागे जायला हवे. मी अंगावर पीत होते तेव्हा आई प्लेगात गेली. आमचे गाव उंद्री, चिखली तालुक्यातले. तिथे तेव्हा फोटोची कल्पनाच पोहोचली नव्हती. वर्षाच्या आत बाबांनी दुसरे लग्न केले. आमच्याकडे अशी रीत आहे की दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. चांदीच्या पत्र्यावर सोनार बाईची आकृती ठोकून देतो, तिला पुतळी म्हणतात. सणावाराला आधी पुतळीला हळदकुंकू, मग स्वतःला. माहेरी जायचे तर पुतळीला विचारून. आता गावचा सोनार त्याच साथीत गेलेला. बाबांनी घरातल्या जुन्या चांदीतून बाईच्या तोंडाचा एक रुपया निवडला, लोहाराकडून डाग देऊन कडी लावून घेतली आणि तो नव्या बायकोच्या गळ्यात घातला. तेव्हा ते म्हणाले म्हणे, "नाक तिचंच हाय." आईची म्हणून माझ्या वाट्याला आलेली इस्टेट ती एवढी. बाबा तिच्याविषयी पुढे कधी बोलले नाहीत, आणि आता तेही नाहीत.

नव्या आईला मी धाकटी म्हणते. सारे गाव तिला तेच म्हणते. लहानपणी तिच्या मांडीवर पडून मी ती पुतळी बोटांनी चाचपत असे. आठव्या वर्षी आत्या मला शिकायला पुण्याला घेऊन गेली. तिथे मी 'मले' म्हटले की वर्गातल्या मुली फिदीफिदी हसत, म्हणून सहा महिन्यांत मी 'मला' म्हणायला शिकले. पण रात्री निजताना डोळे मिटले की समोर ती गोल चांदी यायची, काळ्या पोतीत अडकवलेली, हळदीने पिवळी झालेली. मी माझ्या आईला अशी पाहत असे. दुसरी कशी पाहणार?

घोटाळा असा की पुतळी झिजत चालली. धाकटी तिला दर अमावास्येला चिंचेने घासते, रोज हळद लावते, त्यात आम्हा भावंडांची बोटे. दर खेपेला जावे तो तोंड आणखी पुसट. अलीकडे डोक्याचा गोल आणि नाकाचा उंचवटा तेवढा राहिला होता. त्यावरून मी कितीदा चित्र काढायला बसले आणि कितीदा कागद फाडला. व्यवहारातल्या राणीच्या रुपयाशी ती जुळत नव्हती. त्या राणीच्या डोक्यावर मुकुट आणि गाल भरलेले. पुण्याचा एक सराफ म्हणाला, कंपनीच्या वेळचा असेल, राणी तरुण होती तेव्हाचा, आता तो कुठला मिळायला. आणि ही दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर सरकारने राणीछाप रुपयेच परत मागवले. घरोघरच्या राण्या खजिन्यात जाऊ लागल्या, तिथून त्या वितळवायला जातात असे लोक बोलू लागले. सगळ्याच वितळल्या तर ते नाक न झिजलेले मला कुठे पाहायला मिळणार?

त्याच सुमारास माझ्या सावत्र भावाने, गणपतने, कळवले की बुलढाण्याला खजिन्यावरचे एक निवृत्त नाझर आहेत. त्यांनी कवडीपासून कागदी नोटेपर्यंत सारा पैसा मांडून ठेवला आहे आणि येईल त्याला फुकट दाखवतात. मी त्याच दिवशी दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजेचा अर्ज खरडला.

जलंब आणि खामगाव

आगगाडीत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. ते मी सोडून देते. जलंबला गाडी बदलून खामगावच्या फाट्यावर जायचे. तिथल्या फलाटावर एक बाई गाठोड्यावर बसून हमालाला विचारत होती, "काऊन रे, खामगावची गाडी काऊन येऊन नाही राह्यली?" आणि हमाल म्हणाला, "येईन माय, तिलेबी जीव हाय." एवढ्या दोन वाक्यांनी माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. हमालाला वाटले, माझे सामान चोरीला गेले. त्याने फलाटभर शोधाशोध केली आणि माझी ट्रंक माझ्याच मागे सापडल्यावर तो माझ्यावर जरा रागावला.

खामगावात कापसाचे दिवस सुरू झाले होते. सरकी काढायच्या जिनांच्या रस्त्याला बैलगाड्यांची रांग, गाडीवान धुऱ्यांवर बसून पान खाताहेत, हवेत कापसाचे तंतू. मोटारस्टँडपर्यंत जाईतो माझ्या काळ्या चंद्रकळेला पांढरी लव आली. पुण्याच्या माणसाला हे घाण वाटेल. मी ती झटकली नाही.

पेट्रोल मिळत नसल्याने मोटार कोळशाच्या धुरावर चालत होती. मागे एक भली मोठी शेगडी, तिला दर थोड्या वेळाने ढोसावे लागे. सपाटीवर ठीक चालले. डोंगर लागला तशी ती धापा टाकू लागली आणि एका वळणावर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "गड्यांनी उतरा, बायांचं काम नाही." गडी उतरले, मोटार चार हात गेली, पुन्हा थांबली. तो शेगडीत डोकावला, कपाळ पुसले आणि म्हणाला, "बायांनीबी उतरा. कोणाले कमी समजाचं काम नाही." मग आम्ही सगळ्यांनी मिळून ती वर ढकलली. माझ्या शेजारची एक पाटलीणबाई ढकलताना सारखी विचारत होती, "मंग तिकिटाचे पैसे कायचे घेतले बे?"

उंद्री

धाकटी रस्त्यावरच उभी होती. सकाळपासून उभी असावी, कारण तिच्या पायाशी मोसंबीच्या साली पडल्या होत्या. माझ्याहून ती चौदा-पंधरा वर्षांनीच मोठी, पण आता केस सारे पांढरे. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटे स्वतःच्या कानशिलावर मोडली. मी मात्र पाया पडता पडता पुतळीकडे पाहून घेतले. नाकाचा उंचवटा अजून होता.

रात्री ज्वारीची भाकर, भरीत, ठेचा आणि वरून कच्चे तेल. पुण्यात भाजीत साखर घालतात हे मी गणपतच्या बायकोला सांगितले, तेव्हा तिला ते माझे परगावचे दुःख वाटले आणि तिने आणखी एक भाकर वाढली. जेवण झाल्यावर मी बुलढाण्याचा बेत काढला.

धाकटीने चुलीतली लाकडे मागे ओढली. मग म्हणाली, "कायले पाहा लागते? हाय ते बरं हाय."

"अगं, न झिजलेला रुपया असेल तिथे. तिचं तोंड दिसेल. तूही चल."

"म्या काय कराचं?"

"तुलाही पाहायला नको? इतकी वर्षं गळ्यात वागवतेस."

ती उठून भांडी आवरायला लागली. तिला भीती वाटते हे मला कळत होते, पण कशाची ते कळत नव्हते. मला वाटले, तोंड स्पष्ट दिसले तर सवत खरोखर समोर उभी राहील असे काहीसे तिच्या मनात असावे. पुतळीशिवाय मी जाऊन उपयोग नव्हता, ताडून पाहायची कशाशी? दुसरा दिवस मी हट्ट करण्यात घालवला. या वयात तसा हट्ट करायला जगात एकच घर उरते. शेवटी ती म्हणाली, "पुतळीले इचारा लागन." देवघरात जाऊन तिने पुतळी मुठीत धरली, काहीतरी पुटपुटली, बराच वेळ डोळे मिटून बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "हाव म्हणते." ते सांगताना तिचा चेहरा पडला होता.

बुलढाणा

बुलढाणा पठारावर आहे. आगगाडी तिथे पोहोचलेली नाही आणि तिच्यावाचून गावाचे काही अडलेलेही दिसत नाही. हवा थंड, म्हणून साहेबांनी जिल्ह्याचे ठाणे इथे केले. कचेऱ्या, कोर्ट, त्यांच्या भोवती कडुनिंब, कडुनिंबाखाली अर्जनवीस आणि पक्षकार. सीताफळांचे दिवस होते. पाट्याच्या पाट्या भरून बाया रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. चिखलीहून आम्ही दुपारच्या आत पोहोचलो. अजबखाना कुठे म्हणून विचारले तर एका अर्जनविसाने लेखणीच्या टोकाने दाखवले: "नाझरसाहेबाचा ना? त्या हिरव्या दारात. वेळ काढून जा, तो सोडत नाही."

नाझरसाहेब मेंदी लावलेल्या दाढीचे, उंच, बारीक गृहस्थ. घरातही शेरवानीची सारी बटणे लावलेली. मी आत जायचे काय पडेल म्हणून विचारले तर ते दुखावले. "पैसा पाहाले पैसा घेऊ का, बाईसाहेब? जिंदगीभर दुसऱ्याचाच मोजला. आता फकत पाह्याचा."

घराच्या मागच्या अंगाला टिनाच्या दोन खोल्या. आत शिरताच एका परातीत कवड्या. मग जाड ढब्बू पैसे, शिवराई नाण्यांचा ढीग, फारसी अक्षरांचे बादशाही रुपये, आणि लढाईत निघालेला मधे भोक असलेला नवा पैसा, ज्याला नाझरसाहेब पैसा मानायलाच तयार नव्हते. "हे वायसर हाय," ते म्हणाले. "मशिनीत लावा." एका भिंतीवर नुसती खोटी नाणी, खिळ्यांनी ठोकलेली. शिशाची, कथलाची, एक तर लाकडाला मुलामा दिलेले. त्यांच्यावर त्यांचा खऱ्यांपेक्षा जास्त जीव होता. प्रत्येक खोट्या रुपयाचा करणारा किती हुन्नरी असेल हे ते मनापासून सांगत होते.

दुसऱ्या खोलीत कपाटांना तारेची जाळी होती. चोरीसाठी का, म्हणून मी विचारले.

"चोरी कोण करते अथी? हळदकुंकवासाठी लावली. खेड्यातल्या बाया येत, देवीचा सिक्का दिसला का लावलं कुंकू, राणी दिसली का लावलं कुंकू. एक बाई तं नारळ फोडाले निंघाली होती. माह्या घरात!"

धाकटी इतका वेळ माझा पदर धरून मागे मागे होती. हैदराबादच्या हाली सिक्क्याच्या कपाटाशी मात्र ती अडली. तिचे माहेर देऊळगावच्या अंगाला, निजामाच्या मोगलाईच्या सीमेवर. तिथल्या बाजारात दोन्ही राज्यांची नाणी चालत. एक ओबडधोबड जुना पैसा पाहून तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. "हे पाय सुमे! याचे माह्या बापानं मले पेढे घेऊन देल्ते." ती जाळीला नाक लावून उभी राहिली. तिलाही कशाची तरी ओढ लागत असेल, हे माझ्या तेव्हा प्रथम लक्षात आले. मला घाई होती, मी तिला पुढे ओढले.

मग मी नाझरसाहेबांना काम सांगितले. ते लगेच भिंग घेऊन आले आणि इथे अडचण उभी राहिली. पुतळी गळ्यातून काढता येत नाही. घालणारी बाई मेल्यावरच ती निघते. आणि नाझरसाहेबांनी परक्या बाईच्या गळ्याशी भिंग न्यायचे, हे त्यांच्या खानदानीत बसेना आणि तिच्याही. दोघे खोलीच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांच्या अडचणीबद्दल मान हलवू लागले. नाझरसाहेब म्हणाले, आरशात दाखवा. आरशात काही दिसेना. शेवटी मला माझा धंदा आठवला. पहिलीतल्या मुली पैशावर पातळ कागद ठेवतात, वरून शिसपेन्सिल आडवी घासतात आणि छाप उठवतात. मी धाकटीला स्टुलावर बसवले, पुतळीखाली माझी पेन्सिलींची डबी धरली, वर कागद ठेवला आणि हळूहळू पेन्सिल घासू लागले. तिचा श्वास माझ्या हातावर येत होता.

डोळ्यांना जे दिसत नव्हते ते कागदावर थोडेथोडे उठले. डोक्याचा गोल, मान. कडेला काही अक्षरांचे अवशेष आणि मग शेजारी शेजारी चार उभ्या रेघा.

कागद मी नाझरसाहेबांना दिला. त्यांनी तो उजेडात धरला. आधी माझ्याकडे पाहिले, मग धाकटीकडे, मग चष्मा काढून पुसला.

"बाईसाहेब, तुम्हाले राणी पाह्याची होती ना?"

"हो. तरुणपणची."

"राणी डाव्या अंगाले पाह्यते. हा उजव्या अंगाले पाहून राह्यला. अन् ह्या चार काड्या. चार काड्या म्हणजे चवथा. राणीवर काड्या नसतात." ते अगदी हळू बोलत होते. "हा राजा हाय. राणीच्या आधीचा, तिचा चुलता. दाढी नाही, मुकुट नाही, म्हणून लोकं त्याले बाईच समजत. तुमच्या घरच्याचा काही कसूर नाही."

कपाटातून त्यांनी एक रुपया काढून माझ्या तळहातावर ठेवला. कोराकरकरीत, जणू कोणी कधी खर्चलाच नाही. जाड मान, भरलेली गालफडे, कपाळावर कुरळ्या केसांचा झुपका. एक वयस्क, सुखवस्तू गृहस्थ. आणि नाक. चांगले मोठे, शेंड्याला फुगीर. त्यावरून मी आईचे नाक ओळखायचा प्रयत्न केला. खरोखर केला. काही केल्या तो गृहस्थच दिसत राहिला.

धाकटीने माझ्या हातातला रुपया पाहिला. तिला सगळे समजले होते. तिने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडते आहे. ती हसत होती.

"माय व! म्हणजे माहेरी जाऊ का म्हणून मी इतके साल या बुवाले इचारून राह्यली? न्हाताना धुताना गळ्यातच होता मेला!"

नाझरसाहेबांनी अदबीने भिंतीकडे तोंड केले, पण त्यांचीही दाढी हलत होती. मला हसू आले नाही. मी रुपया त्यांना परत दिला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

पायरीवर

मी रडले. कोणाच्या घराच्या पायरीवर, भर दुपारी, चाळिशी उलटलेली बाई. बाबांचा राग आला. बायकोचे नाक एका विलायती म्हाताऱ्यात दिसते, तर त्यांनी तिचे तोंड कधी नीट पाहिले तरी होते का? मग वाटले, त्यांना बिचाऱ्यांना कुठेही तीच दिसत असेल. मला तर तेवढेही मिळाले नव्हते. इतकी वर्षे मी ज्या तोंडाला रात्री आई म्हटले ते कोणाचेच नव्हते, आणि आता डोळे मिटून पाहायला काहीच उरले नव्हते.

धाकटी दोन सीताफळे घेऊन आली. नाझरसाहेबांनी त्यांच्या झाडाची दिली होती. तिने एक फोडून अर्धे माझ्या हातात दिले आणि शेजारी बसली. तिचे हसू गेले होते.

"सुमे, रडू नको. मी पाह्यलं हाय तिले."

"कोणाला?"

"तुह्या मायले."

मला वाटले, समजूत काढते आहे. पण ती समोरच्या कुंपणाकडे पाहत बोलतच राहिली. "मी परकरात होती. आमच्या गावात लग्न होतं, तुह्या बाबाच्या सोयऱ्यातलं. तथी ते दोघं आल्ते. कासार ओट्यावर बसला होता, बाया चुड्या भरून राह्यल्या होत्या. तुह्यी माय माह्या बाजूले. तिचा हात कडक, चुडी काही चढेना. कासारानं जोर केला, चुडी फुटली, मनगटातून रक्त आलं. मले रडू आलं. अन् ती हसली."

मी सीताफळ खाली ठेवले. "आणि तू हे मला कधी सांगितलं नाहीस? इतक्या वर्षांत?" माझा आवाज चढला असावा, कारण नाझरसाहेब दारात आले आणि तसेच मागे फिरले.

"काय सांगू?" ती म्हणाली. "मी आली तवा तू एवढीशी होती. कोणाच्या हाती राहत नव्हती. माह्याकडं पाह्यलं का किंकाळी फोडे. एक डाव पुतळी हलली, तं तू ती पाहाले आली. माह्या मांडीवर चढली. पाह्यता पाह्यता झोपून गेली. मंग रोज येत होती, पुतळी पाहाले. मोठी झाली, इचाराले लागली, माय कसी होती. म्या म्हटलं, तोंड सांगून देल्लं, तं पोरगी मांडीवर कायले येईन?" तिने बिया एकेक करून पानावर ठेवल्या. "मंग तू पुण्याले गेली. साल दोन सालानं येत होती. आली का पहिले पुतळी पाहे. मले पाहे का नाही ते देवाले मालूम."

परवा रस्त्यावर पाया पडतानाही मी तेच केले होते. पुण्यात ज्या तोंडासाठी मी झुरत होते त्याच्याभोवती नेहमी हळदीचा वास असे, आणि कोणाच्या तरी श्वासाने ती चांदी खाली-वर होत असे. तो श्वास कोणाचा हे मी कधी स्वतःला विचारले नव्हते. ज्या बाईसाठी मी आसुसले होते ती दर खेपेला माझ्या समोर बसून भाकरी थापत होती, आणि मी तिच्या गळ्याकडे पाहत होते. मला हे तिला सांगायचे होते. पुण्यात इतकी वर्षे शुद्ध बोलायला शिकले, पण हे सांगायला शब्द सापडेनात. मी तिचा सीताफळाने चिकट झालेला हात धरून बसले.

तीच मग म्हणाली, "काढ ना मंग. पेन्सिल कायले आणली?"

छाप उठवलेल्या कागदाची दुसरी बाजू कोरी होती. मी ती गुडघ्यावर घेतली. "सांग."

"दात पुढं होते तिचे. वरचे दोन. हसली का पहिले दातच दिसत."

मी काढले.

"लय मोठे केले व. उंदीर होती का ते? लहान कर. आता हाव."

"नाक?"

"नाकाचं नाही सांगता येत मले. येवढी नथ होती, नाक काय दिसते?"

मी नथ काढली. तिने त्यातला एक मोती कमी करायला लावला. "आणि डोळे?"

धाकटीने माझ्याकडे पाहिले. मग पदराला हात पुसले आणि उठली. "चाल, मोटारीचा टाईम झाला," ती म्हणाली. मोटारीला अजून बराच वेळ होता.

निरोप

उंद्रीला मी आणखी काही दिवस राहिले. रोज विचारले. शेतात कापूस वेचताना विचारले, चुलीशी विचारले. ती दुसरेच काहीतरी सांगे: तिच्या माहेरचा बाजार, हाली सिक्क्याचे पेढे, बाप तिला खांद्यावर घेऊन नदी कशी ओलांडी. मी कधी ऐकले नव्हते ते सारे ऐकले. पुतळी तिच्या गळ्यात तशीच होती. मी म्हटले, आता तो बुवा काढून तरी टाक. ती म्हणाली, "राहू दे. इतके साल ऐकलं त्यानं माह्यं."

निघायच्या दिवशी मोटार धूर सोडत उभी होती आणि ड्रायव्हर शेगडी ढोसत होता. मी खिडकीतून डोके बाहेर काढले. "धाकटे, डोळे राहिले."

"राहू दे. अखाजीले येजो."

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा लेकीबाळींचा सण. "आत्ता सांग ना. दोन शब्द."

"समदं आत्ताच सांगून टाकलं," ती म्हणाली, "तं अखाजीले कायले येशीन?"

मोटार हलली. मी तिच्याकडे पाहत राहिले, वळण येईपर्यंत, तिच्याकडेच.

कागद इथे पुण्यात माझ्या टेबलासमोर टाचलेला आहे. पुढे आलेले दोन दात, एक नथ, आणि वर डोळ्यांची जागा कोरी. अखाजीची रजा मी आताच टाकून ठेवली आहे. आणि तिने दोन्ही डोळे सांगितले, तरी मी एकच काढणार आहे. दुसरा पुढच्या दिवाळीला.